रजिस्टरातली सात नावं

आमच्या घरापासून बाजारात जायला सात मिनिटं लागतात. माझ्या बाबांना बावीस लागतात. पायांत काही खोट नाही. सत्तरी आली तरी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम चढतात आणि गुडघ्याच्या नावाने आईची बोलणी खातात. पण बाजारात जायचं म्हटलं की फाटकातून उजवीकडे वळायचं सोडून ते डावीकडे वळतात. कंपनीच्या तेलाच्या टाक्यांमागून, पाइपांच्या कडेकडेने, काचकारखान्याच्या भिंतीला वळसा घालून बाजाराच्या मागच्या तोंडाला निघतात. येतानाही तसेच. पिशवीत पाव किलो साखर आणि बुटांना दोन किलो चिखल.

"व्यायाम होतो," असं सांगतात. मी त्रेचाळीस वर्षांची बाई आहे, पण बाबांच्या लेखी मी अजून पाळण्यातच. सगळ्या वसाहतीला खरं कारण ठाऊक आहे. पुढच्या रस्त्यावर वेल्डरकाकांचं दुकान आहे. दुकानासमोर लोखंडी बाक आहे. त्या बाकावर सकाळी दहापासून बाबांच्या जुन्या पाळीतली माणसं बसलेली असतात, आणि त्या बाकासमोरून जायची एकोणीस वर्षांत बाबांची हिंमत झालेली नाही.

त्याचं असं झालं. आमची कंपनी लहान. अकरा विहिरी तेलाच्या, एक गॅसची, चार टाक्या आणि पत्र्याच्या छपराचं ऑफिस. मोठ्या कंपन्या ज्या जमिनीकडे ढुंकूनही बघत नाहीत तिथून आम्ही चिमटीचिमटीने तेल काढतो. एकोणीस वर्षांपूर्वी तेलाचा भाव असा कोसळला की तेल वर काढण्यापेक्षा खालीच राहू दिलेलं परवडावं. त्यात सात नंबरच्या विहिरीला तेलाऐवजी पाणी लागलं. दुष्काळात तेरावा महिना. चार महिने कुणाला पगार नाही. शेवटी मालकांनी तोडगा काढला, की रोख हवी असेल त्याने थांबावं, नको असेल त्याने पगाराच्या बदल्यात कंपनीचे शेअर घ्यावेत.

बाबा तेव्हा दिवसपाळीचे फोरमन होते. ते एका रिकाम्या पिंपावर चढले आणि पाळीतल्या सात जणांना म्हणाले, "घ्या शेअर. मी घेतोय. या जमिनीखाली काय आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. कागद म्हणून हसू नका, उद्या हाच कागद तुम्हाला पोसेल." सातही जणांनी सह्या केल्या. ज्यांनी केल्या नाहीत त्यांना रडतखडत का होईना, आठ महिन्यांनी रोख पगार मिळाला.

कागदाने कुणाला पोसलं नाही. असल्या चिमुकल्या कंपनीचे शेअर बाजारात विकायचीही सोय नाही; ते घरात ठेवायचे आणि वर्षातून एकदा झुरळं झटकायची, एवढाच त्यांचा उपयोग. वेल्डरकाकांच्या बायकोचं ऑपरेशन त्याच वर्षी निघालं आणि त्यांना जोडधंदा म्हणून काढलेल्या दुकानातलं अर्धं सामान विकावं लागलं. पाळीतल्याच क्रेनवाल्याच्या मुलाचं कॉलेज राहिलं. कुणीही बाबांना एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, असं आई म्हणते. शिवी खाल्ली की माणूस मोकळा होतो. बाबांना शिवीच मिळाली नाही, म्हणून ते डावीकडे वळू लागले.

पुढे पाच वर्षांनी मी त्याच कंपनीच्या ऑफिसात लागले. काम काय, तर भागधारकांचं रजिस्टर सांभाळायचं. हिरव्या पुठ्ठ्याचं, उशीएवढं जाड. प्रत्येक भागधारकाला एक पान. आणि वार्षिक सभेआधी सर्वांना पत्र पाठवायचं. पत्रात एक ओळ ठरलेली: 'यंदा लाभांश देण्याची शिफारस करण्यात येत नाही.' बाबा ते पत्र चष्मा लावून वाचायचे, घडी घालून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि बूट चढवून टाक्यांमागे निघायचे. चौदा वर्षं मी माझ्या बापाला दरवर्षी एक टाइप केलेली थप्पड पाठवली, वर तिकीट लावून.

माझे वरिष्ठ म्हणजे सचिवसाहेब. वाळलेल्या चपलेसारखा माणूस. त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: "रजिस्टरात नाही ते जगात नाही." एकदा एक बाई रडत आली, नवरा वारला म्हणून. साहेब म्हणाले, "रजिस्टरात ते हयात आहेत. दाखला आणा, मग बघू." त्या वाक्याचा मला असा संताप यायचा की दोनदा मी पंच मशीन टेबलावर आपटलं होतं. मात्र माझ्या नीटनेटकेपणावर साहेबांचा विश्वास होता आणि मलाही त्याचा गर्व होता. आलेलं एकही पत्र माझ्याकडे इकडचं तिकडे होत नाही. ज्याचा अर्थच लागत नाही ते 'संकीर्ण' नावाच्या फायलीत जातं. सहा वर्षांपूर्वी क्रेनवाल्याने कंपनीला आभाराचं पत्र पाठवलं होतं. आभार कशाचे, ते ऑफिसात कुणालाच उमगलं नाही. मी ते तारीख घालून संकीर्णमध्ये लावलं आणि विसरले.

आता यंदाची गोष्ट. पूर्वी आमच्या विहिरींतून तेलाबरोबर येणारा गॅस उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकायचे. ती ज्योत बघून बाबा म्हणायचे, "पैसा जळतोय बघ." तीन वर्षांपूर्वी कुणाला तरी अक्कल सुचली. भिंतीपलीकडेच काचकारखाना, त्याच्या भट्ट्यांना रात्रंदिवस गॅस लागतो. मध्ये पाइप टाकला. ज्योत विझली आणि कंपनीची कर्जं फिटू लागली. एका मंगळवारी संचालक मंडळाची बैठक झाली. सचिवसाहेब बाहेर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पत्रातली ती ओळ बदला. लाभांश द्यायचा आहे. शंभर टक्के."

शंभर टक्के म्हणजे शेअर घेताना जेवढी किंमत मोजली तेवढीच रक्कम पुन्हा हातात, आणि शेअर ज्याचा त्याच्याकडे शाबूत. म्हणजे त्या वेळी बुडालेले चारच्या चार पगार!

"पत्रं गुरुवारी टपालात पडतील," साहेब म्हणाले. "तोवर घरी एक अक्षर बोलायचं नाही. तुमचे वडील भागधारक आहेत, हे मी विसरलेलो नाही."

दोन दिवस मी मूग गिळून बसले. मूग कसले, ते पोटात मोड येऊन फुटायच्या बेतात होते. बुधवारी जेवताना बाबांनी विचारलं, "यंदाचं पत्र निघालं का गं?"

"निघेल."

"तेच असणार म्हणा," ते म्हणाले आणि पाणी प्यायले. मी मान खाली घालून जेवत राहिले. वर बघितलं असतं तर सगळं ओकून बसले असते.

गुरुवारी साडेबाराला पत्रं टपालात पडली आणि पाकिटांवरचा शिक्का वाळायच्या आत मी घरी पोचले. बाबा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते, आई शिवणयंत्रावर होती. मी फाटकातूनच ओरडले, "बाबा, लाभांश जाहीर झाला! शंभर टक्के!"

मला वाटलं होतं, ते उठून उभे राहतील. कदाचित रडतीलही. मी येताना रस्ताभर त्याच चित्रात रमले होते. बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मेलो," ते म्हणाले.

आईचं यंत्र थांबलं. बाबा आत गेले, पलंगाखालून बिस्किटांचा डबा घेऊन आले आणि तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. वर माझी चौदा पत्रं. त्याखाली बाबांच्या शेअरचा कागद. आणि त्याखाली, दोऱ्याने बांधलेले, शेअर हस्तांतरणाचे सात फॉर्म आणि त्यांना जोडलेले दुसऱ्यांच्या शेअरचे सात कागद. पहिल्या फॉर्मवर वेल्डरकाकांची सही. दुसऱ्यावर लॅबमावशींची, तेलात पाणी किती ते तपासायचं काम त्यांच्याकडे असायचं. तिसऱ्यावर क्रेनवाल्याची. असे सातही जण. विकणाऱ्याची सही आहे, तारीख आहे, पैसे मिळाल्याचं लिहिलं आहे. घेणाऱ्याच्या नावाची जागा मात्र कोरी.

"हे काय आहे?" मी विचारलं, पण मला कळायला लागलं होतं.

"मीच घेतले," बाबा म्हणाले. "एकेकाचे. रात्री घरी जाऊन, जमेल तसे. मूळ किमतीला."

"कुणाच्या पैशाने?"

"माझ्या. पण त्यांना तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घेतले नसते त्यांनी. मी म्हटलं, कंपनी जुन्या माणसांचे शेअर गुपचूप परत घेतेय, माझ्या हातून. ऑफिसात बोलू नका, नाहीतर बाकीचे रांग लावतील."

मी डोक्याला हात लावला. आईने मात्र दुसराच धागा पकडला. ती फॉर्मवरची पहिली तारीख बघत होती.

"तेरा वर्षांपूर्वी," ती सावकाश म्हणाली. "स्कूटर विकलीत ते वर्ष."

बाबा शेजारची खुर्ची ओढून बसले.

"गुडघा दुखतो, किक मारवत नाही, म्हणून विकली ना स्कूटर?" आईचा आवाज चढू लागला. "अहो, तेरा वर्षं मी त्या गुडघ्याला तेल चोळतेय! रोज! आणि गुडघा ठणठणीत?"

"आता थोडा दुखतो," बाबा म्हणाले.

एरवी मी हसून लोळले असते. पण बाबा खुर्चीत असे बसले होते, जणू पाठीचा कणाच कुणी काढून घेतलाय. "तुम्हाला समजत नाहीये," ते म्हणाले. "आता कसं दिसेल ते? फोरमनने खोटं बोलून सात जणांचे शेअर उचलले. कंपनीचं नाव सांगून. घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवून. पोरगी रजिस्टर सांभाळते, तिला आतली खबर. आणि आता शंभर टक्के लाभांश बापाच्या घशात. आवळा देऊन कोहळा काढला म्हणतील, आणि म्हणायलाच हवं. एकदा पिंपावर चढून बुडवलं त्यांना, आता घरात बसून लुटलं. दुसऱ्याने असं केलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं."

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची माया आली. एखाद्याने चोरी लपवावी तसा या माणसाने तेरा वर्षं चांगुलपणा लपवला होता, आणि आता तो हुबेहूब चोरीसारखाच दिसत होता. मी फॉर्म पुन्हा उलटसुलट करून बघितले. सवयीनेच, कागद हातात आला की मी आधी शिक्का शोधते. शिक्का नव्हता. एकावरही नाही.

"बाबा, हे फॉर्म ऑफिसात कधी दिलेत?"

"ऑफिसात? दिले असते तर तुला कळलं नसतं का?"

"म्हणजे दिलेच नाहीत?"

"तुला नि हिला कळू नये म्हणून तर डब्यात ठेवले ना! शेवटी मी मेल्यावर सापडतील, मग तू बघशील काय करायचं ते, असा विचार होता."

मी जी हसायला लागले ती थांबेचना. आईला वाटलं, मला काहीतरी झालं. ज्या वाक्यावर मी चौदा वर्षं दात खाल्ले तेच माझ्या तोंडात आलं. "बाबा, रजिस्टरात नाही ते जगात नाही! फॉर्म आला नाही म्हणजे नाव बदललं नाही. रजिस्टरात आजही सातांची सात नावं आहेत, जशीच्या तशी. पत्रं त्यांनाच गेलीत. लाभांश त्यांनाच मिळणार."

"आणि मला?"

"तुमच्या स्वतःच्या शेअरवरचा. एक पैसा जास्त नाही."

"जास्त नाही?"

"नाही."

"नक्की? नीट आठवून सांग."

"बाबा, ते रजिस्टर मला झोपेत पाठ आहे."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की शेंगांची टरफलं उडाली. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. बराच वेळ पुसत होते. माझ्या आयुष्यात, पैसे मिळणार नाहीत हे ऐकून इतका सुखावलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "फॉर्म जाळून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकून तेरा वर्षं गुडघा चोळून घेतलात, तेवढं पुरे," आई म्हणाली. "आणि ते सात जण? त्यांना वाटतंय शेअर कंपनीने परत घेतले. पैशाचं पत्र हातात पडलं की उद्या ऑफिसात जाऊन विचारणार नाहीत? पोरगी काय सांगेल तिथे? तुम्ही स्वतः जा आणि सांगा त्यांना."

"जातो," बाबा म्हणाले. "उद्या जातो."

शुक्रवारी ते गेले नाहीत. शनिवारी बूट घातले, फाटकापर्यंत गेले, आणि साखर घेऊन आले. बुटांना चिखल होता.

सोमवारी सकाळी ऑफिस उघडून मी खिडकीची काच सरकवते तो समोर वेल्डरकाका. धुतलेला सदरा, हातात माझं पत्र. माझ्या मागे सचिवसाहेबांचं दार उघडं होतं. साहेबांना फोन ऐकू येत नाही, पण कुजबुज ऐकू येते.

"पोरी, हे दरवर्षी चुकूनच येतं, पण या वेळी यात पैसे आहेत," काका म्हणाले. "शेअर माझे नाहीत आता."

"काका, जरा हळू बोला."

"हळू कशाला? चोरी आहे का? शेअर फोरमनचे आहेत. तुझ्या बापाचे. तेरा वर्षांपूर्वी त्याने मला पै न् पै मोजून दिलीय. तुमच्या वहीत त्याचं नाव घाल आणि पैसे त्याला दे."

"पण तुम्हाला तर… बाबा म्हणाले, तुम्हाला वाटतंय की कंपनीने…"

"कंपनीने!" काका हसले. "कंपनी स्कूटरच्या विम्याच्या पाकिटात पैसे घालून देते होय? त्याच आठवड्यात त्याची स्कूटर गेली. मी वेल्डर असलो तरी आंधळा नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

काकांनी पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. "काय बोलणार? दुकान बसलं होतं. पैसे हवे होते. घेतले. त्याला तोंडावर म्हणालो असतो की मला माहितीय, तर परत करावे लागले असते. म्हणून आम्ही सगळेच गप्प बसलो. आणि रोज बाकावरून बघतोय, फोरमन फाटकातून निघतो आणि डावीकडे वळतो. आम्हाला वाटायचं, आपण त्याची स्कूटर खाल्ली, म्हणून त्याला आपली तोंडं बघायची नाहीत."

तेरा वर्षं! एक तिकडून शरमेने चिखल तुडवतोय, सात जण इकडे शरमेने बाकावर बसून त्याच्याकडे बघतायत, आणि मध्ये अंतर किती, तर पाच मिनिटांचं. मला आठही जणांना एका ओळीत उभं करून झापावंसं वाटलं.

तेवढ्यात सचिवसाहेब बाहेर आले. "काय प्रकार आहे?"

मी त्यांच्याशी खोटं बोलू शकत नाही. प्रयत्न केला की कान लाल होतात. मी चार वाक्यांत सगळं सांगितलं, बाबांच्या थापेसकट. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "हस्तांतरणाचे फॉर्म आपल्याकडे आले आहेत?"

"नाही साहेब."

"आलेत असं रजिस्टर म्हणतं?"

"नाही."

"मग लाभांश यांचा," त्यांनी काकांकडे बोट केलं. "रजिस्टरात नाही ते जगात नाही. तुमची मंडळी बाहेर बाकावर बसून आपसांत काय करते, त्याच्याशी कंपनीला कर्तव्य नाही. मात्र," ते माझ्याकडे वळले, "कंपनीचं नाव घेऊन थापा मारल्याबद्दल वडिलांना माझी नाराजी कळवा." आणि आत गेले. जाताना त्यांचे खांदे हलत होते. चौदा वर्षांत तो माणूस हसताना मी पहिल्यांदा पाहिला, तोही पाठमोरा.

काका पायरी उतरता उतरता म्हणाले, "त्याला सांग, आम्ही तुझ्या घरी येणार नाही. उद्या सकाळी बाकावर ये म्हणावं. पुढच्या रस्त्याने."

काका गेल्यावर मी संकीर्णची फाईल काढली. क्रेनवाल्याचं पत्र होतं तिथेच. 'आपण वेळेवर गरिबाची लाज राखलीत, कंपनीचे उपकार विसरणार नाही.' सहा वर्षं माझ्या हाताखाली! आणि मी म्हणे नीटनेटकी.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाबांनी डबा काखेत घेतला. फाटकाशी त्यांचे पाय सवयीने डावीकडे वळले. आईने मागून नुसतं खाकरलं. आम्ही उजवीकडे निघालो. पाच मिनिटांचा रस्ता, पण बाबा असे चालत होते की पंधरा लागावीत. वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत होते. "हे औषधांचं दुकान कधी झालं?" त्यांनी विचारलं. त्याला अकरा वर्षं झाली होती.

बाकावर सातही जण होते. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि घसा साफ केला.

"चढायला पिंप आणू का?" कुणीतरी म्हणालं.

कुणी हसलं नाही. बाबांनी काखेतला डबा काढून पुढे धरला. मग त्यांनी सगळं सांगितलं. आपण खोटं बोललो, पैसे कंपनीचे नव्हते, फॉर्म कधी दिलेच नाहीत, शेअर तुमचेच आहेत, हे घ्या. "मला तुमचं नुकसान भरून द्यायचं होतं," ते म्हणाले. "तोंड दाखवायची लाज वाटत होती. बाकी काही नाही."

सहा जण आपापल्या चपलांकडे बघत होते. त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं. सातवा क्रेनवाला. तो ताडकन उठला.

"म्हणजे ते पैसे कंपनीचे नव्हते?" तो म्हणाला. "अरे, मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं!"

"आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "तारीख घालून ठेवलंय."

मग मात्र हशा फुटला. वेल्डरकाका डोळे पुसत होते, आणि बाबाही हसत होते; तोंड उघडं टाकून, दात दाखवून हसत होते. मी ते दात कित्येक वर्षांत बघितले नव्हते.

हसणं ओसरल्यावर वेल्डरकाकांनी हिशेब मांडला. "फोरमन, तू मला दिलेस तेवढेच आता कंपनी देतेय. चेक आला की पैसे तुझे. कागद माझा. तुझी स्कूटर तुला, माझे शेअर मला. फिटंफाट."

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. "पैसे मी परत घेणार नाही. तो पगार होता तुमचा."

"पगार आम्हाला तू दिलास की."

"मी बुडवला होता, म्हणून दिला."

"तेलाचा भाव तू पाडलास का?"

असं पाच-सात मिनिटं चाललं. एकोणीस वर्षं न भांडलेली माणसं अगदी मन लावून भांडत होती. शेवटी लॅबमावशी उठल्या. त्यांनी डब्यातून आपला फॉर्म काढला, सहीवर बोट ठेवून खात्री केली आणि त्याचे चार तुकडे केले.

"फोरमन," त्या म्हणाल्या, "एकदा तुम्ही पिंपावर चढलात आणि आम्ही वाद न घालता सही केली. आता आम्ही सांगतोय. तुम्ही वाद घालायचा नाही. बसा खाली."

बाकावर जागा नव्हती. सगळे सरकले. बाबा बसले.

मी तिथून निघाले. माझं आता काही काम नव्हतं. दुपारी ऑफिसात मी रजिस्टर उघडून ती सात पानं उगाच एकदा बघून घेतली.

तीन आठवड्यांनी चेक आले. वटले तसे एकेक जण पाकिटं घेऊन घरी आले. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण घेतली. स्कूटर काही घेतली नाही. आई म्हणते, आता गुडघ्याचं निमित्त उरलं नाही, तर चालू दे.

परवाची गोष्ट. मी सुट्टीवर होते. बाबा साखर आणायला बाहेर पडले. ते गेले की परत यायला पाऊण तास, हे आईच्या अंगात भिनलेलं. ती त्या अंदाजाने कपडे भिजवायला घेते आणि ते यायच्या वेळी चहा टाकते. पंधरा मिनिटांतच फाटक वाजलं.

"काय विसरलात?" आई मोरीतून ओरडली.

बाबा दारात उभे होते. पिशवीत साखर होती. बूट कोरडे होते. आई हात पुसत बाहेर आली आणि त्या बुटांकडे बघत राहिली.

"चहाला अजून अर्धा तास आहे," ती म्हणाली.

"मग तोवर बाकावर जाऊन येतो," बाबा म्हणाले. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि फाटकातून उजवीकडे वळले.